ब्रिटनमध्ये बँकेशी वाद झाला तर आधी कोणाकडे जायचं

इथे नवीन आलेली मंडळी बँकेने खातं गोठवलं, पैसे अडकवले की लगेच विचारतात, चांगला वकील माहितीये का. माझं म्हणणं असं की घाई नका करू, वकील इथे शेवटी लागतो आणि बरेचदा लागतच नाही.

सगळ्यात आधी बँकेकडे लेखी कंप्लेंट करा. चॅटवर वाद घालण्यात दिवस घालवू नका, सरळ लिहा की ही माझी फॉर्मल कंप्लेंट आहे, काय झालं, कधी झालं, मला काय हवंय, आणि रेफरन्स नंबर मागून घ्या. बँकेला उत्तर द्यायला साधारण ८ आठवडे असतात, पेमेंटची तक्रार असेल तर बहुतेक वेळा १५ कामाचे दिवस. उत्तर पटलं नाही किंवा मुदत उलटून गेली की फायनान्शियल ओम्बड्समन सर्व्हिसकडे (ग्राहक आणि बँकेतले वाद सोडवणारी स्वतंत्र संस्था) जायचं. ही सेवा आपल्याला पूर्ण फुकट आहे, वकील लावावा लागत नाही, आणि त्यांचा अंतिम निर्णय आपण मान्य केला तर बँकेला तो पाळावाच लागतो, नाही मान्य केला तर कोर्टाचा रस्ता उघडा राहतो.

पण इथेच नवीन लोकांचं नुकसान होतं. बँकेच्या फायनल रिस्पॉन्सच्या, म्हणजे तक्रारीवरच्या अंतिम उत्तराच्या, तारखेपासून ६ महिन्यांत ओम्बड्समनकडे जावं लागतं, आणि आपण पहिल्या वर्षी दोन-तीन घरं बदलतो, पत्र जुन्या पत्त्यावर पडून राहतं आणि मुदत निघून जाते. म्हणून घर बदललं की त्याच आठवड्यात बँकेत पत्ता बदला, प्लीज. आणि बँकेविरुद्ध कंप्लेंट केली म्हणून व्हिसाला काही होत नाही, ही भीती मनातून काढून टाका, या भीतीने लोक गप्प बसतात याचं मला फार वाईट वाटतं.

पत्र कसं लिहायचं, आपली बाजू कितपत भक्कम आहे, यासाठी सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस किंवा जवळचं लॉ सेंटर, दोन्हीकडे सल्ला फुकट. कर्ज फिटत नसेल तर स्टेपचेंज, ही कर्जाबद्दल फुकट सल्ला देणारी संस्था.

सॉलिसिटर (म्हणजे इथला वकील) कधी? रक्कम मोठी असेल, कोर्टाचे कागद आले असतील किंवा बिझनेसचा मामला असेल तेव्हा. नाव सॉलिसिटर्स रेग्युलेशन अथॉरिटीच्या रजिस्टरवर तपासा (स्कॉटलंडसाठी लॉ सोसायटी ऑफ स्कॉटलंड). पहिल्याच कॉलवर विचारा की ग्राहकांच्या बाजूने बँकांविरुद्ध केसेस घेता का, कारण मोठ्या फर्म बरेचदा बँकांचंच काम करतात आणि मग तुमची केस घेऊच शकत नाहीत. फी लेखी घ्या. इंग्लंड-वेल्समध्ये १०,००० पाउंडपर्यंतचा दावा सहसा स्मॉल क्लेम्समध्ये (कोर्टाची छोट्या दाव्यांची सोपी प्रक्रिया) जातो आणि तिथे जिंकलात तरी वकिलाची फी साधारणपणे परत मिळत नाही, म्हणजे ३,००० पाउंडसाठी वकील लावला तर हातात काय उरणार याचा हिशोब आधी करा. घराच्या इन्शुरन्समध्ये लीगल कव्हर असतं कधीकधी, तेही बघून घ्या.

फसवणुकीत पैसे गेले असतील तर मात्र एक मिनिटही थांबू नका, १५९ डायल करा, बहुतेक मोठ्या बँकांशी थेट जोडून देतात. ७ ऑक्टोबर २०२४ पासून, फसवून आपल्याच हाताने ब्रिटनमधल्याच दुसऱ्या खात्यात ट्रान्सफर करायला लावलं असेल तर ८५,००० पाउंडपर्यंत बँकेने भरपाई देण्याचा नियम आहे, अटी आहेत, पण क्लेम करा, १३ महिन्यांच्या आत. कार्ड पेमेंट आणि परदेशात पाठवलेले पैसे यात येत नाहीत. क्रेडिट कार्डाने घेतलेली १०० पाउंडच्या वरची आणि ३०,००० पर्यंतची वस्तू किंवा सेवा मिळालीच नाही तर ग्राहक कर्ज कायद्याच्या (कंझ्युमर क्रेडिट अ‍ॅक्ट) सेक्शन ७५ खाली कार्ड कंपनीकडेच पैसे मागता येतात.

आणि पैसे गेल्यावर काही दिवसांनी हमखास कोणीतरी फोन करतं, तुमचे पैसे परत मिळवून देतो, आधी फी भरा. ते त्याच टोळीतलेही असू शकतात. कुठल्याही क्लेम कंपनीला काही द्यायच्या आधी फायनान्शियल कंडक्ट अथॉरिटीच्या (आर्थिक कंपन्यांवर देखरेख ठेवणारी संस्था) रजिस्टरवर नाव शोधा, आणि त्यांनी दिलेल्या नंबरवर नाही तर रजिस्टरवरच्या नंबरवर स्वतः फोन करा.