सायकल कुरियरने पाठवताय? आधी हँगर आणि फोर्क सांभाळा

बदली झाली, नोकरी बदलली, पुण्याहून बंगळुरूला गेलो की सामान पॅकर्सवाल्याच्या ट्रकमधून जातं पण सायकलचं काय करायचं हा प्रश्न हमखास येतो, आणि ट्रकमध्ये कपाट नि वॉशिंग मशीनच्या मध्ये उघडी सायकल कोंबण्यापेक्षा नीट खोक्यात भरून कुरियरने पाठवलेली केव्हाही बरी. फक्त एक गोष्ट आधीच धरून चाला, खोक्यावर तुम्ही कितीही मोठे बाण काढा आणि 'नाजूक' लिहा, गोदामात तो आडवा पडणार आणि त्याच्यावर दुसरं सामान चढणार. त्यामुळे पॅकिंग असं पाहिजे की खोका कुठल्याही बाजूवर पडला तरी आतली सायकल सलामत राहील.

खोका विकत घेऊ नका. नवीन सायकली दुकानात खोक्यातच येतात आणि दुकानदार तो रद्दीत देतो, तेव्हा दोन-तीन दिवस आधी जाऊन सांगून ठेवा, तुमच्याच साइजच्या सायकलचा मागा. खोक्यासोबत प्लॅस्टिकचे बारके तुकडे पण मागून घ्या, म्हणजे फोर्कच्या (पुढचं चाक धरणाऱ्या दोन पायांच्या भागाच्या) दोन टोकांमध्ये बसणारा स्पेसर आणि ॲक्सलच्या, म्हणजे चाकाच्या आसाच्या, टोकांवरच्या टोप्या. दुकानात ते कचऱ्यातच जातात, आपल्याला मात्र सोन्यासारखे आहेत.

खोलायला सुरुवात पेडलपासून. उजवं पेडल नेहमीसारखं सुटतं, डाव्याचे आटे उलटे असतात, तिथेच लोक ताकद लावून लावून क्रँकचे (पेडल ज्या दांड्याला बसतं त्याचे) आटे घालवतात. सोपं लक्षात ठेवायचं तर पाना पेडलच्या वरच्या बाजूला उभा धरा आणि मागच्या चाकाकडे ढकला, दोन्ही पेडलं तशीच सुटतात. बहुतेकांना १५ चा पाना लागतो, काहींना आतून ६ किंवा ८ ची ॲलन की.

मग सीटपोस्टवर, म्हणजे सीटखालच्या नळीवर, जिथपर्यंत उंची आहे तिथे टेपची खूण करून सीट काढा, पुढचं चाक काढा. हँडल काढताना स्टेमच्या (हँडल धरणाऱ्या आडव्या तुकड्याच्या) पुढच्या चार बोल्टची पट्टी सोडवायची, हँडल केबलसकट बाजूला घ्यायचं आणि पट्टी परत जागेवर लावून ठेवायची. स्टेमच्या वरच्या झाकणाचा बोल्ट मात्र उगाच छेडू नका, नाहीतर हेडसेटची (हँडल ज्यावर फिरतं त्या बेअरिंगची) सगळी सेटिंग परत करत बसावं लागतं.

आता फोर्क. पुढचं चाक निघालं की फोर्कचे दोन पाय मोकळे राहतात आणि बाजूने दाब आला की आत वाकतात. मध्ये स्पेसर बसवा. तो मिळाला नाही तर दोन टोकांमधलं अंतर मोजून, साध्या क्विक रिलीजच्या (खटका उघडून चाक काढता येतं अशा) सायकलला ते १०० मिमी असतं, तेवढा लाकडाचा ठोकळा कापून घट्ट बांधा. हायड्रॉलिक डिस्क, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारा चकतीचा ब्रेक, असेल तर ब्रेकपॅडमध्ये जाड पुठ्ठ्याची घडी सरकवा, कारण चाक नसताना चुकून जरी लिव्हर दाबला गेला तरी पिस्टन बाहेर येतात आणि मग डिस्क आत जात नाही. क्विक रिलीजची काडी पुढच्या चाकातून काढून वेगळी ठेवा.

सगळ्यात जास्त मार खातो मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग. तो ज्या हँगरला लटकतो ती पट्टी बऱ्याच सायकलींवर मुद्दामच मऊ ठेवलेली असते म्हणजे फ्रेमऐवजी ती वाकेल, पण ती वाकली की गिअर अडखळत राहतात आणि नेमका तुमच्या मॉडेलचा हँगर मिळेपर्यंत सायकल पडून राहते. म्हणून चेन सगळ्यात लहान गिअरवर आणून केबल ढिली करा, डिरेलरचा बोल्ट सोडा, बहुतेक ५ ची ॲलन की लागते, केबल आणि चेन तशीच राहू दे, डिरेलर बबल रॅपमध्ये गुंडाळून चेनस्टेच्या (मागच्या चाकाकडे जाणाऱ्या फ्रेमच्या खालच्या नळीच्या) आतल्या बाजूला झिप टायने बांधा. हे पाच मिनिटांचं काम आहे, टाळू नका.

फ्रेमच्या नळ्यांना फोमची नळी किंवा जुने टॉवेल लावा. पुढचं चाक फ्रेमच्या डाव्या बाजूला पुठ्ठा मध्ये घालून बांधा, डिस्क झाका, आणि खोका हलवून बघा, आत काही सरकायला नको. बोल्ट, पेडल वगैरे एका पाऊचमध्ये भरून फ्रेमलाच बांधा. पावसाळ्यात आधी आतून प्लॅस्टिक, मग खोका, ओला पुठ्ठा उचलतानाच फाटतो. बंद करण्याआधी फोटो काढा, बॉटम ब्रॅकेटखालचा, म्हणजे पेडलांच्या मधल्या आसाखालचा, फ्रेम नंबर पण.

पैसे वजनावर लागतात पण सायकलच्या खऱ्या वजनावर नाही. लांबी, रुंदी, उंची सेंमीमध्ये गुणून ५००० ने भागतात, काही ठिकाणी आकडा वेगळा असतो, विचारून घ्या. म्हणजे १४०, २२ आणि ७५ चा खोका ४६.२ किलो धरला जातो, आत सायकल १३ किलोची का असेना. तोच १३०, २० आणि ७० मध्ये बसवला तर ३६.४. म्हणून नीट आवळून भरा, रिकामी जागा कापून खोका लहान करा. विमान नको, रस्त्याने पाठवा, स्वस्त पडतं.

बुकिंग करताना 'ओनर्स रिस्क' (नुकसान झालं तर तुमचं) की 'कॅरिअर्स रिस्क' (नुकसान कुरियरवाल्याचं) ते स्पष्ट विचारा आणि महागडी सायकल असेल तर विम्याचे पैसे वाचवू नका. पावतीवर वापरलेली वैयक्तिक सायकल, विक्रीसाठी नाही, असं लिहून घ्या. ई-सायकल असेल तर लिथियम बॅटरी धोकादायक मालात मोडते, बुकिंगच्या वेळी सरळ सांगा, खोक्यात लपवून पाठवू नका. कार्बन डायऑक्साइडची काडतुसं आणि डिग्रीझर तर नकोच.

पलीकडे जो घेणार आहे त्याला सांगून ठेवा, खोका फाटलेला दिसला तर सही करताना तसं लिहायचं आणि व्हिडिओ चालू ठेवूनच उघडायचा. जोडताना पेडलच्या आट्यांना थोडं ग्रीस लावून आधी हाताने फिरवायचं, सहज जात नसेल तर पाना लावायचाच नाही, काढून परत सुरुवात. स्टेमचे चार बोल्ट एकामागून एक न आवळता आलटून पालटून तिरके, थोडे थोडे. मग पुढचं चाक पायांमध्ये धरून हँडल फिरवून बघायचं, दोन्ही ब्रेक दाबून बघायचे, आणि मगच सोसायटीच्या आत एक चक्कर.