बुलेटचं वायरिंग घरी बनवलं: माझा अनुभव

माझ्या जुन्या १२ व्होल्टच्या बुलेटच्या वायरिंगची पार गोधडी झाली होती. हॉर्न दाबला की हेडलाइट मान टाकायचा. मला प्रत्येक लाइनला वेगळा फ्यूज हवा होता, म्हणून तयार सेट घेतला नाही. वायर आणि रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) पुण्याच्या बुधवार पेठेतून, कपलर (वायरी जोडायचे प्लास्टिकचे सॉकेट) नाना पेठेतून आणले.

खरी मेख हेडलाइटची. ६० वॉटचा बल्ब १२ व्होल्टला ५ अँपिअर ओढतो, आणि तो सगळा करंट झिजलेल्या स्विचमधून जायचा. लाइट चालू ठेवून मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या प्लसला, दुसरी बल्बच्या प्लसला लावली. दीड व्होल्ट वाटेतच गळत होते! आता स्विच फक्त रिलेची कॉइल चालवतो (रिलेच्या ८५-८६ नंबरच्या पिना). बल्बला करंट बॅटरीकडून फ्यूजमार्गे ३० नंबरच्या पिनवर येऊन ८७ वरून थेट जातो. हाय-लोसाठी दोन रिले. या लाइनला दीड चौरस मिलिमीटरची वायर घातली. इंडिकेटरला अर्धा चौरस मिलिमीटरची पुरते.

जोड सोल्डर केले नाहीत. डाग दिलेली वायर कडक होते आणि बुलेटच्या धडधडीत नेमकी डागाच्या कडेला तुटते. लग (वायरच्या टोकाला लावायचा धातूचा तुकडा) क्रिम्प करायचा, म्हणजे पक्कडीने दाबून बसवायचा, जोर लावून ओढायचा, निसटला तर नवा.

टेप गुंडाळण्याआधी हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा, मानेपाशी वायर ताणली जाता कामा नये. अर्थिंगसाठी फ्रेमचा रंग चक्क पत्रा दिसेपर्यंत खरवडला, शिवाय मागच्या लाइटला वेगळी काळी वायर दिली. आता तीच मोजणी केली तर गळती ०.२ व्होल्ट येते.