कॉलनीतल्या लोकांचा मॉडर्न डान्स ग्रुप: तालमीपासून पहिल्या प्रयोगापर्यंत

आमचा ग्रुप नऊ जणांचा आहे, पुण्यातला, आणि त्यात शिकलेले डान्सर फक्त दोन. बाकी बँकेतून रिटायर झालेल्या एक काकू, एक फिजिओथेरपिस्ट, आयटीतले दोघं आणि कॉलेजची तीन मुलं. आत्तापर्यंत चार प्रयोग केलेत आणि प्रत्येक वेळी कुणीतरी विचारतंच की आम्हालाही असं काही करायचंय, सुरुवात कुठून करू, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतेय.

पहिलं म्हणजे ऑडिशन घेऊ नका. वार ठरवा, वेळ ठरवा (आमचा रविवार सकाळी आठ ते अकरा) आणि तीन महिने जो नेमाने येईल तो ग्रुपमध्ये, एवढंच. लवचिक अंगाचा पण दर दुसऱ्या रविवारी गायब होणारा माणूस सगळ्यांची तालीम बिघडवतो, कारण ग्रुपचा नाच म्हणजे शेजारच्याचं वजन, त्याचा वेग, तो कधी वळणार हे अंगाला माहीत असणं, आणि ते नुसत्या वेळानेच येतं.

आता नाच बसवायचा कसा? इथेच बहुतेक जण चुकतात, यूट्यूबवरचा एखादा व्हिडिओ लावून स्टेप्स शिकवायला घेतात. मग काय होतं, पंचविशीच्या पोरीला जमतं आणि साठीच्या काकू मागच्या रांगेत जातात. असं करू नका, तुमच्याकडे जी माणसं आहेत त्यांच्याच हालचालींतून नाच काढा. ही काही पडती बाजू नाही, मॉडर्न डान्समध्ये याला मोठी परंपरा आहे. ६ जुलै १९६२ ला न्यूयॉर्कच्या जडसन मेमोरियल चर्चमध्ये काही तरुण मंडळींनी एक कार्यक्रम केला, तिथून पुढे त्या गटाने चालणं, धावणं, बसणं, सामान उचलणं असल्या रोजच्या हालचाली नाच म्हणून रंगमंचावर आणल्या, आणि नाच न शिकलेली माणसंही त्यांच्यात होती. आपल्याकडे चंद्रलेखा नावाच्या नृत्यदिग्दर्शिका होत्या, जन्म आपल्या महाराष्ट्रातल्या वाडा गावचा, त्यांनी १९८५ च्या 'अंगिका'मध्ये भरतनाट्यमच्या शेजारी योग आणि केरळची युद्धकला कलरिपयट्टू आणून ठेवलं. मुद्दा हा की आपलं शरीर आधीपासून काय जाणतं ते बघायचं.

आमच्या बँकेतल्या काकूंचं उदाहरण देते. मी सगळ्यांना सांगितलं होतं की तुमच्या हाताला जी सवय आहे ती करून दाखवा. त्यांनी नोटा मोजून दाखवल्या. अंगठा सरकतो, बोट उचलतं, मधेच अंगठा ओलसर स्पंजाला टेकतो, परत सरकतो. तीस वर्षांची सवय, इतकी नेमकी की सगळे गप्प बसून बघत होते. मग म्हटलं हेच मनगटापासून करा, मग कोपरापासून, मग खांद्यापासून, आणि शेवटी पूर्ण पाठ त्या लयीत सरकायला लागली. स्पंजाला टेकायची जागा म्हणजे खाली वाकून जमिनीला हात लावणं झालं. पुढचे दोन रविवार बाकीचे आठ जण काकूंकडून ते शिकले, आणि तो आमच्या पहिल्या प्रयोगातला सगळ्यात चांगला तुकडा होता. तर तुमच्या ग्रुपला असे छोटे छोटे प्रश्न द्या, बसमध्ये दांडा कसा धरता, चादरीची घडी दोघं मिळून कशी घालता, आणि मग ती हालचाल मोठी करा, हळू करा, उलटी करा, दोघांत वाटा.

गाणं लगेच लावू नका. अमेरिकन नृत्यदिग्दर्शक मर्स कनिंगहॅमचे डान्सर संगीताशिवाय तालीम करायचे आणि बऱ्याचदा संगीत थेट पहिल्या प्रयोगालाच ऐकायचे, वेळ स्टॉपवॉचवर. आपल्याला तितकं टोकाला जायची गरज नाही पण निम्मी तालीम शांततेत करा. एकमेकांचा श्वास ऐकून निघायची सवय लागते, गाणं असलं की सगळे गाण्यालाच धरून बसतात आणि शेजारच्याकडे बघत नाहीत.

जमीन! यावर कृपया पैसे आणि वेळ घालवा. आम्ही सुरुवातीला एका हॉलमध्ये सिमेंटवर बसवलेल्या टाइल्सवर सहा महिने उड्या मारल्या आणि तिघांच्या नडग्या आणि गुडघे धरले. लाकडी फ्लोअर मिळाला तर उत्तम, नाही मिळाला तर उड्या बाद करून जमिनीलगतचं काम वाढवा. वरून अंथरायचं व्हिनाईल, ज्याला सगळे मार्ले म्हणतात, ते कधी घडी घालून ठेवू नका, पाइपवर गुंडाळा, कारण घडीची रेघ जात नाही आणि नेमकी तिथेच पाय अडकतो. प्रयोगाच्या आधी तासन्‌तास पसरून ठेवा, पट्ट्यांचे जोड टेपने बंद करा, पुसायला फक्त पाणी, फिनाईल वगैरे नको, घसरतं. आणि अनवाणी नाचणार असाल तर मार्ले अंथरायच्या आधी रंगमंचावर आडवे होऊन मोबाईलचा टॉर्च जमिनीलगत धरा, आधीच्या नाटकाच्या सेटचे खिळे, स्टेपलच्या पिना सगळं लख्ख दिसतं. आम्हाला एकदा मूठभर निघाले.

जागा छोटीच घ्या. मोठं नाट्यगृह रिकामं दिसतं आणि भाड्यात सगळे पैसे जातात. पुण्यात सुदर्शन रंगमंचासारख्या जागेत प्रेक्षकाला पायाचा आवाज ऐकू येतो, तेच आपल्याला हवंय. मुंबईच्या पृथ्वी थिएटरसारख्या जागी प्रेक्षक तीन बाजूंना बसतात, तिथे करायचं असेल तर सगळं समोर तोंड करून बसवलेलं चालणार नाही, तालमीतच तीन बाजूंना माणसं बसवून बघा.

लाईटवाल्या दादांना एवढंच सांगा की समोरून कमी आणि विंगेतून जास्त. समोरच्या लाईटने शरीर सपाट दिसतं, बाजूने गुडघ्याच्या, कमरेच्या, डोक्याच्या उंचीवर लाईट लावले की पाठ, पोटरी, मान सगळ्याला आकार येतो. स्टँडच्या पायांना पांढरी टेप लावा, अंधारात विंगेत धावत जाताना ठेच लागते. आवाजासाठी लॅपटॉप, वायरने जोडलेला, इंटरनेट बंद. आमच्या दुसऱ्या प्रयोगात फोनवरून ब्लूटूथने गाणं लावलं होतं आणि ऐन शांत जागी कुणाचा तरी कॉल आला, अख्ख्या हॉलमध्ये रिंगटोन.

रेकॉर्डेड गाणं वापरणार असाल तर त्याच्या जाहीर वापराचं लायसन्स लागतं, आयपीआरएस (गीतकार-संगीतकारांच्या हक्कांची संस्था) आणि पीपीएल (रेकॉर्डिंगच्या हक्कांची) दोन्हीकडे चौकशी करा. त्यापेक्षा ओळखीतला हलगी किंवा ढोलकी वाजवणारा असेल तर त्याला तालमीला बोलवा, पण वाजवणाऱ्यालाही मानधन द्या, तो पण कलाकारच आहे. नाचात संवाद असतील तर परवानग्या वेगळ्या लागू शकतात, थिएटर बुक करतानाच ऑफिसात नीट विचारून घ्या.

पहिला प्रयोग चाळीस मिनिटांचा पुरे, मध्यंतर नको. तिसरी घंटा वेळेवर द्या. आणि नंतर वीस मिनिटं प्रेक्षकांशी गप्पा ठेवाच, कारण आपल्याकडे मॉडर्न डान्स म्हटलं की लोक आधीच घाबरलेले असतात की आपल्याला कळणार नाही. त्यांना कळलं का असं कधी विचारू नका, काय दिसलं ते विचारा. नोटांच्या तुकड्यात एका आजोबांना शेतात पेरणी दिसली, एका मुलीला आईचं लाटणं दिसलं, आणि बोलता बोलता ती मुलगी म्हणाली तुमची तालीम कधी असते. आता ती दर रविवारी येते.

शेवटचं, पुढच्या तालमीची तारीख ग्रीन रूममध्येच, मेकअप पुसता पुसता ठरवा आणि दोन आठवड्यांच्या आतली ठरवा. आम्ही पहिल्या वेळी जरा दमलोय, बघू म्हणालो आणि परत जमायला चार महिने लागले.