रेसिंग कारचं स्टिअरिंग बनवताना या चुका टाळा

दिवाळी आटोपली की वर्धा-यवतमाळ पट्ट्यातल्या इंजिनीअरिंग कॉलेजांची पोरं फॉर्म्युला स्टुडंटच्या, म्हणजे विद्यार्थ्यांनी स्वतः रेसिंग कार बनवायच्या स्पर्धेच्या, गाड्या घेऊन दुकानात यायला लागतात. जानेवारीत कोइम्बतूरला कारी मोटर स्पीडवेवर फॉर्म्युला भारत ही त्यांची स्पर्धा असते आणि स्टिअरिंगचं वायरिंग तोवर लोंबकळतच असतं. चेसिसवर वर्ष घालवायचं आणि ड्रायव्हरच्या हातात जे राहणार आहे त्याला शेवटचा आठवडा द्यायचा, हे दरवर्षीचं. ट्रॅक्टरचे मीटर आणि जेसीबीचं वायरिंग हे माझं पोटापाण्याचं काम. पण या गाड्यांवर माझा जीव आहे, म्हणून त्याच त्या चुका पाहून राग येतो.

स्टिअरिंगवर काय काय बसवता येईल, असा विचार करूच नका. गाडी वळणात आहे, दोन्ही हात गुंतलेत, त्या क्षणी ड्रायव्हरला काय लागतं तेवढंच तिथे ठेवा. बाकी सगळं डॅशवर.

फॉर्म्युला वनची नक्कल

फॉर्म्युला वनच्या स्टिअरिंगवर वीसेक बटनं आणि गोल फिरणारे स्विच असतात, कारण त्या ड्रायव्हरला वळणागणिक डिफरन्शियल (वळणात मागच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअर), ब्रेकचा पुढे-मागे बॅलन्स आणि बॅटरीची ऊर्जा बदलावी लागते. तुमच्या गाडीत केटीएम ३९० मोटरसायकलचं एक सिलिंडरचं इंजिन आणि साधं डिफरन्शियल. मग डिफरन्शियलची नॉब कशाला जोडणार? ज्याच्या मागे काहीच नाही अशी नॉब पाहिली की डिझाइनचे परीक्षक पहिला प्रश्न तिच्यावरच विचारतात.

आकाराचीही तीच गोष्ट. वरून-खालून कापलेलं, फुलपाखरासारखं स्टिअरिंग फोटोत छान दिसतं, पण फॉर्म्युला स्टुडंटच्या नियमात बसत नाही. कडा सलग, बंद आणि साधारण गोल किंवा लंबगोल हवी. कार्बन फायबरचं कापीव स्टिअरिंग घेऊन गेलेली टीम तपासणीतून परत फिरते आणि मग रात्रीतून कुणाच्या तरी जुन्या गाडीचं गोल स्टिअरिंग शोधत बसते. नियमपुस्तक आधी वाचा, व्हिडिओ नंतर बघा.

हाताच्या वाटेत बटन

ही चूक मला सगळ्यात जास्त सलते, कारण ती फुकटात टाळता येते.

कापसाचा हंगाम संपला की आमच्याकडे बाजार समितीचं सिमेंटचं आवार मोकळं होतं. एका कॉलेजच्या पोरांनी परवानगी काढून तिथे स्किडपॅड आखला होता, म्हणजे आतून १५.२५ मीटर व्यासाची दोन वर्तुळं, इंग्रजी आठच्या आकड्यासारखी. गाडी डाव्या वर्तुळात नीट फिरायची. उजव्यात गेली की मध्येच ओढ जायची, इंजिन किंचाळायचं आणि ड्रायव्हर घाबरून स्टिअरिंगमागचं गिअरचं पॅडल ओढायचा. एकदा त्या चढलेल्या फेऱ्यांवर गिअर पडला, मागची चाकं सुटली, गाडी गर्रकन फिरली आणि नाक लिलावाच्या ओट्याला जाऊन आदळलं. पोराला काही झालं नाही, हे नशीब.

"काकाजी, कोडमध्येच बग आहे. काल रात्रभर शोधून राहिलो," टीमचा कॅप्टन म्हणाला. लॅपटॉप उघडाच होता आणि चार जण त्यात डोकं घालून बसले होते.

मी म्हटलं, "लॅपटॉप ठेव बाजूला. ड्रायव्हरला हातमोजे घालून बसव."

शाळेत असतो तो रंगीत खडू घेतला. प्रत्येक बटनावर वेगळा रंग जाड घासला आणि ड्रायव्हरला स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायला लावलं, जसं वळणात फिरवतो तसंच, जोर लावून. मग हातमोजे उलटे करून बघितले. उजव्या हाताच्या अंगठ्याखालच्या उंचवट्यावर हिरवा डाग. हिरवं बटन न्यूट्रलचं होतं. उजवं वळण आलं की तळहात सरकून थेट त्यावर टेकायचा. कोड बिचारा सांगितलं तेच करत होता.

मोटरसायकलच्या गिअरबॉक्समध्ये न्यूट्रल पहिल्या आणि दुसऱ्या गिअरच्या मध्ये असतो, अर्ध्या ढकलीवर. तो सापडायला वेगळं बटन लागतं, हे खरं. पण ते कडेपासून आत, दोन्ही हात पकडीत असताना मुद्दाम अंगठा लांबवल्याशिवाय पोचणार नाही अशा जागी हवं. भोवती थोडी उंच कड करा. कोडमध्ये अशी अट घाला की गाडी उभी असेल आणि बटन अर्धा सेकंद दाबून धरलं तरच न्यूट्रल पडेल.

मोठमोठ्या टीमांनाही हे भोवलं आहे. २०२१ मध्ये बाकूला अझरबैजान ग्रांप्रीत शर्यत थांबवून पुन्हा सुरू केली, तेव्हा दोनच फेऱ्या उरल्या होत्या आणि लुईस हॅमिल्टन पुढच्या रांगेत होता. सुटताना त्याचा हात ब्रेकचा बॅलन्स एकदम पुढे ढकलणाऱ्या बटनाला लागला. पहिल्याच वळणावर पुढची चाकं जाम झाली, गाडी सरळ बाहेर गेली आणि तो १५ वा आला. सात वेळचा विश्वविजेता, आणि हात लागला तो चुकूनच. त्यानंतर मर्सिडीजने त्या बटनाला आडोसा केला. तुम्ही आडोसा आधीच करा. खडूचा डबा दहा-वीस रुपयांत येतो.

ट्यूबलाइटखाली सुंदर, उन्हात आंधळा

डिस्प्ले कॉलेजच्या लॅबमध्ये रात्री बनतो. काळी पार्श्वभूमी, निळे-जांभळे आकडे, कोपऱ्यात कॉलेजचा लोगो, एकाच पानावर पंधरा गोष्टी. दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता विदर्भातल्या उन्हात गाडी काढली की त्या काळ्या काचेत ड्रायव्हरला स्वतःचं हेल्मेट दिसतं. पाण्याचं तापमान वाढलं हे त्याला वाफ निघाल्यावर कळतं, आणि तोवर हेड गॅस्केट गेलेलं असतं.

फॉर्म्युला वनच्या गाडीतला डिस्प्लेही ४.३ इंचांचा असतो आणि त्याच्या मधोमध ठळक बसलेला असतो गिअरचा एक आकडा. इंजिनाच्या फेऱ्या वरच्या दिव्यांच्या रांगेवर कळतात, कारण रंग डोळ्याच्या कोपऱ्यातूनही दिसतो आणि आकडा मात्र वाचावा लागतो. तुमच्या डिस्प्लेवर मध्ये गिअर, बाजूला पाण्याचं तापमान आणि बॅटरीचे व्होल्ट, एवढं पुरे. ऑइल प्रेशर पडलं तर वेगळा लाल दिवा लागलाच पाहिजे. तो तिसऱ्या पानावरचा आकडा म्हणून ठेवू नका. उन्हात पांढऱ्यावर काळे आकडे काळ्यावरच्या रंगीत आकड्यांपेक्षा चांगले वाचता येतात. दिसायला ते साधे वाटतील, वाटू द्या.

मी डिस्प्ले भर दुपारी आवारात तपासतो. ड्रायव्हर पूर्ण हेल्मेट घालून, व्हायझर खाली, सूर्य पाठीमागे. मग सूर्य समोर. पोलराइज्ड गॉगल घालणारा ड्रायव्हर असेल तर स्टिअरिंग फिरवूनही बघा, काही पडदे ठरावीक कोनात पार काळे होतात. आणि गाडी उन्हात उभी करायची असेल तर क्विक रिलीजवरून (स्टिअरिंग झटकन काढता-घालता येणाऱ्या जोडावरून) स्टिअरिंग काढून सावलीत ठेवा. बाजारातले बरेच पडदे ७० अंशांपर्यंतचेच असतात आणि मे महिन्यात उन्हातल्या कॉकपिटमध्ये तो आकडा लांब नसतो.

पानांच्या आत पानं हाही एक रोग आहे. २०१६ मध्ये रेडिओवरून ड्रायव्हरला काय सांगायचं यावर कडक बंदी होती. बाकूच्याच शर्यतीत हॅमिल्टनची गाडी चुकीच्या इंजिन सेटिंगमध्ये अडकली आणि तो कितीतरी फेऱ्या चालवता चालवता स्विच फिरवत बसला. पिटमध्ये बसलेल्यांना उत्तर माहीत होतं, पण सांगता येत नव्हतं. तुमच्या गाडीत तर बहुतेकदा रेडिओच नसतो.

शिफ्ट लाइट उशिरा

गिअर बदलायची खूण देणारा लाल दिवा रेव्ह लिमिटवर, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्यांच्या शेवटच्या मर्यादेवर, लावायचा नाही. समजा पहिल्या गिअरमध्ये इंजिन सेकंदाला ४००० फेऱ्यांनी चढतं. दिवा दिसून बोट हलेपर्यंत पाव सेकंद जातो, म्हणजे १००० फेऱ्या गेल्याच. लिमिटर लागतो आणि प्रवेगात वेळ जातो. वरच्या गिअरमध्ये फेऱ्या सावकाश चढतात, म्हणून प्रत्येक गिअरला दिव्याचा आकडा वेगळा ठेवा. गाडीत नोंदलेल्या आकड्यांचा लॉग काढा, त्यावरून ठरवा. अंदाजपंचे आकडे टाकू नका.

एकदा दाबलं, दोन गिअर पडले

स्विचचे संपर्क काही मिलिसेकंद थरथरतात आणि कंट्रोलर त्यालाच दोन वेळा दाबलं असं समजतो. कोडमध्ये २० ते ५० मिलिसेकंदांचा डिबाउन्स टाका, म्हणजे तेवढ्या वेळातली थरथर मोजायचीच नाही. लांब वायरवर कंट्रोलरच्या आतल्या पुल-अपच्या (स्विच उघडा असताना सिग्नल वर धरून ठेवणाऱ्या रेझिस्टरच्या) भरवशावर राहू नका, बाहेरून रेझिस्टर लावा. आणि स्पार्क प्लग रेझिस्टरवाला (ठिणगीचा विजेचा गोंगाट दाबणारा) आहे ना, तेही बघा.

पकडीने दाबलेले लग्ज

लग्ज म्हणजे वायरीच्या टोकाला बसणारी धातूची टोपणं. ती दाबायला क्रिम्पिंग टूल विकत घ्या किंवा माझ्याकडून न्या. पक्कड आणि चिकटपट्टी या कामाला नाहीत. जिथे वायर सतत वाकते तिथे सोल्डरही नको, वायर बरोबर सोल्डर संपतो तिथेच तुटते.

पंखा लागला की डिस्प्ले गायब

स्टार्टर किंवा रेडिएटरचा पंखा लागला की डिस्प्ले रिस्टार्ट होतो, अशी तक्रार आली की पोरं आधी नवा डिस्प्ले मागवतात. आधी मल्टीमीटर लावा. स्टार्टर मारताना डिस्प्लेच्या पिनवर किती व्होल्ट उरतात ते बघा, बॅटरीवर नाही. अर्थिंगची वायर चेसिसच्या रंगावर घेतलेली सापडेल. वेगळी वायर बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत न्या आणि कमी व्होल्टवरही तग धरणारा रेग्युलेटर घाला.

डिस्प्लेवर आकडे अधूनमधून गोठत असतील तर कॅन बस, म्हणजे कंट्रोलर आणि डिस्प्ले ज्यावरून बोलतात ती दोन वायरींची जोडी (कॅन हाय आणि कॅन लो), तपासा. बॅटरी काढा, कॅन हाय आणि कॅन लो यांच्यामध्ये ओहम मोजा. दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो, म्हणून ६० आले पाहिजेत. १२० आले तर एक टोक मोकळं आहे किंवा मध्ये वायर तुटली आहे. ४० आले तर कुणीतरी तिसरा रेझिस्टर लावलाय, आणि तो बहुधा डिस्प्लेच्या बोर्डावर आधीपासून असतो. पाच मिनिटांचं हे काम न करता आख्खं लूम (गाडीचं सगळं वायरिंग) बदलणारे मी पाहिलेत. घाई असते म्हणतात. घाई असते तेव्हाच मोजायचं असतं.

ढिलं क्विक रिलीज

स्टिअरिंगचा एकूण मोकळा खेळ नियमाने ७ अंशांपेक्षा जास्त चालत नाही, आणि त्यातला अर्धा खेळ स्वस्तातल्या क्विक रिलीजच्या खाचांमध्येच सापडतो. १९८९ मध्ये ब्राझीलला नायजेल मॅन्सेलने फेरारी ६४० चालवली, स्टिअरिंगमागच्या पॅडलने गिअर बदलणारी पहिली फॉर्म्युला वन गाडी. सगळ्यांना भीती नव्या गिअरबॉक्सची होती, आणि ढिलं झालं ते स्टिअरिंग. पिटमध्ये ते बदललं आणि तो शर्यत जिंकला. तुम्हाला तिथे बदलायला दुसरं स्टिअरिंग नसेल, म्हणून प्रत्येक रनआधी बोल्टवरची रंगाची खूण सरकली का ते बघायचं. मी नेलपॉलिशची रेघ मारतो.

बंद करायचं बटन स्टिअरिंगवर

नको. गाडी बंद करायचं लाल बटन डॅशवर, स्टिअरिंगच्या बाजूला, पट्टे बांधलेल्या ड्रायव्हरचा हात सरळ पोचेल तिथे.

ड्रायव्हरला पट्टे बांधून, हात स्टिअरिंगवर ठेवून ५ सेकंदांत बाहेर पडून दाखवावं लागतं. डोळ्यांवर दुपट्टा बांधून मी पोरांकडून आधी फक्त बटनांची नावं आणि कोणतं बटन कोणत्या हाताने दाबायचं ते घोकून घेतो, मग बाहेर पडायचा सराव. अडकतात ते एकाच जागी: स्टिअरिंग निघतं, पण त्याची गुंडाळी वायर सुटत नाही, कारण कनेक्टर फिरवून उघडायचा असतो. तिथे असा कनेक्टर घ्या जो स्टिअरिंग ओढलं की आपोआप निघेल, आणि वायर स्टिअरिंग पूर्ण फिरवूनही पेडलकडे लोंबणार नाही इतकीच लांब ठेवा.