स्वतःचा विस्मरण वक्र कसा काढावा: एबिंगहाउसचा प्रयोग घरच्या घरी

‘माणूस एका दिवसात शिकलेल्यातलं सत्तर टक्के विसरतो’ हे वाक्य आणि त्याच्या शेजारचा घसरत जाणारा आलेख तुम्ही कुठे ना कुठे पाहिलाच असेल. त्या आलेखालाच विस्मरण वक्र म्हणतात. आलेख खरा आहे, वाक्य चुकीचं आहे. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये आपली आकडेवारी प्रसिद्ध केली, तेव्हा किती आठवतं हे त्याने मोजलंच नव्हतं. एकदा पाठ केलेलं पुन्हा पाठ करताना किती वेळ वाचतो, एवढंच त्याने मोजलं होतं. एक दिवसानंतर त्याचा ३३.७ टक्के वेळ वाचला. उरलेल्या सहासष्ट टक्क्यांना पुढे कुणीतरी ‘विसरलेलं ज्ञान’ म्हणून टाकलं.

हा फरक स्वतःवर प्रयोग केला की चटकन कळतो. तो करता येतो, कारण मूळ प्रयोगही एकट्या माणसाने स्वतःवरच केला होता. विल्हेल्म वुंट या मानसशास्त्रज्ञाने १८७९ मध्ये जर्मनीत लाइपझिगला मानसशास्त्राची प्रयोगशाळा उभी केली, पण स्मृतीसारख्या गुंतागुंतीच्या मनोव्यापाराला प्रयोगाने हात घालता येईल असं त्याला वाटत नव्हतं. एबिंगहाउसने त्याच सुमारास, १८७९-८० मध्ये, प्रयोगशाळेशिवाय ते करायला घेतलं आणि १८८३-८४ मध्ये पुन्हा तपासून पाहिलं. संवेदना मोजता येतात हे फेखनर या जर्मन शास्त्रज्ञाने १८६० मध्येच दाखवलं होतं. मग आठवण का मोजता येऊ नये, असा एबिंगहाउसचा सरळ प्रश्न होता.

लागणारं साहित्य

वही, कोरी कार्डं, फोनवरचं मेट्रोनोम (ठरावीक वेगाने ठोके देणारं ॲप) आणि घड्याळ. बस्स.

पहिली पायरी: निरर्थक शब्द तयार करा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, कारण प्रयोग बिघडतो तो बहुधा इथेच. कविता किंवा धडा घेतला तर आधीचं ज्ञान मदतीला येतं, आणि ते कुणाला किती येतं हे सांगता येत नाही. म्हणून एबिंगहाउसने व्यंजन-स्वर-व्यंजन असे सुमारे २,३०० तुकडे बनवले. मराठीत हे सोपं आहे: सुरुवातीला वीस व्यंजनं, मध्ये आठ स्वर (अ, आ, ई, ऊ, ए, ऐ, ओ, औ) आणि शेवटी पंधरा व्यंजनं घेतली तर २,४०० जोडण्या होतात. तीन गठ्ठ्यांतून एकेक कार्ड उचला आणि येईल तो शब्द लिहा: थीग, ढौप, छूण, झैम. मीठ, पूर, झोप असं काही निघालं तर टाकून द्या.

एखाद्याचं नाव, अपभ्रंश किंवा शिवी आठवते असे तुकडेही काढून टाका. निरर्थक शब्द सगळे सारखेच निरर्थक नसतात. ग्लेझ या मानसशास्त्रज्ञाने १९२८ मध्ये हे तपासलं, तेव्हा काही तुकड्यांवरून जवळजवळ प्रत्येकाला काहीतरी सुचत होतं आणि काहींवरून कुणालाच काही सुचत नव्हतं. तुमच्या यादीत दोन-चार ‘सुचणारे’ शब्द शिरले की ती यादी फुकट सोपी होते.

उरलेल्यांतून १२० शब्द घ्या आणि दहा-दहाच्या बारा याद्या करा. एबिंगहाउस तेरा शब्दांच्या आठ याद्या एका बैठकीत पाठ करायचा. त्याच्याइतका हट्ट आपल्याला नको.

दुसरी पायरी: कालांतरं ठरवा

वीस मिनिटं, एक दिवस, सहा दिवस आणि एकतीस दिवस ही चार कालांतरं पुरतात. प्रत्येकाला तीन याद्या. एक यादी एकाच कालांतरासाठी वापरायची. वीस मिनिटांनी पुन्हा पाठ केलेली यादी दुसऱ्या दिवशी तपासली, तर तुम्ही विस्मरण नव्हे, उजळणी मोजत असता. अनेक हौशी प्रयोग याच एका कारणाने निकामी ठरतात.

कोणती यादी कोणत्या कालांतराला जाईल हे चिठ्ठ्या टाकून ठरवा. वेळही शक्यतो एकच ठेवा. एबिंगहाउसला संध्याकाळी पाठ करायला सकाळपेक्षा जास्त वेळ लागायचा, म्हणून काही आकड्यांमध्ये त्याला दुरुस्ती करावी लागली होती.

तिसरी पायरी: पाठ करा

मेट्रोनोम मिनिटाला साठ ठोक्यांवर लावा आणि प्रत्येक ठोक्याला एक शब्द मोठ्याने वाचा. (एबिंगहाउसचा वेग दीडशेचा होता, जीभ वळत असेल तर बघा.) एकदा वाचून झालं की पुढच्या वेळी न बघता म्हणायचा प्रयत्न करा. अडलात की लगेच कागद बघा आणि उरलेली यादी वाचत पूर्ण करा. हे झालं एक आवर्तन. क्रम बदलायचा नाही. सलग दोनदा ठोक्यावर बिनचूक म्हणता आलं की थांबा आणि किती आवर्तनं लागली ते लिहा. शेवटची दोन बिनचूक आवर्तनं त्यातून वजा करा, कारण ती शिकण्यात नाही, खात्री करण्यात गेली.

शब्दांची गोष्ट करायची नाही, यमकं शोधायची नाहीत. एबिंगहाउसने ही बंदी स्वतःवर घातली होती, आणि सगळ्यात अवघड तीच आहे. मन अर्थ शोधत राहतं, थांबवलं तरी. पुढे केंब्रिजचा मानसशास्त्रज्ञ बार्टलेट याने १९३२ मध्ये नेमका हाच मुद्दा पकडला. त्याने लोकांना उत्तर अमेरिकेतल्या मूलनिवासींची एक लोककथा वाचायला दिली आणि नंतर आठवून सांगायला लावली. अनोळखी तपशील गळाले किंवा ओळखीचे होऊन परत आले. अर्थ काढून टाकला की स्मृतीचा गाभाच निसटतो, असं त्याचं म्हणणं होतं. मला ते पटतं, तरी मोजणीला सुरुवात करायची तर एबिंगहाउसच्या वाटेनेच करावी लागते, असंही वाटतं.

चौथी पायरी: वाट बघा

वाट बघताना याद्या नजरेआड ठेवा आणि मनातही घोळवू नका. वीस मिनिटांच्या तीन याद्या ज्या क्रमाने पाठ केल्या त्याच क्रमाने पुन्हा घ्या, म्हणजे तिघींचं अंतर साधारण सारखं राहील.

पाचवी पायरी: पुन्हा पाठ करा आणि बचत काढा

वेळ झाली की तीच यादी त्याच वेगाने आणि त्याच नियमाने पाठ करा. समजा पहिल्यांदा चौदा आवर्तनं लागली आणि आता आठ. सहा वाचली, सहा भागिले चौदा, म्हणजे सुमारे ४३ टक्के बचत. तीन याद्यांची सरासरी काढा आणि आलेखावर मांडा, आडव्या अक्षावर वेळ आणि उभ्यावर बचत.

एबिंगहाउसचे आकडे शेजारी ठेवा: वीस मिनिटांनी ५८.२ टक्के, तासाभराने ४४.२, एक दिवसाने ३३.७, सहा दिवसांनी २५.४ आणि एकतीस दिवसांनी २१.१. पहिल्या तासातली घसरण मोठी आहे, आणि सहाव्या दिवसापासून एकतिसाव्यापर्यंत जवळजवळ काहीच घडत नाही. तुमचे आकडे वेगळे येतील, पण वळण बहुधा असंच येईल. ॲमस्टरडॅम विद्यापीठातल्या याप मुरे आणि युरी ड्रोस यांनी २०१५ मध्ये हाच प्रयोग पुन्हा केला. एकट्या ड्रोसने सुमारे सत्तर तास याद्या पाठ केल्या आणि वक्र मूळ वक्राशी जुळला. चोवीस तासांच्या बिंदूवर मात्र बचत अपेक्षेपेक्षा थोडी वर गेल्यासारखी दिसली. मधल्या रात्रीच्या झोपेचा हा परिणाम असू शकतो. झोपल्यानंतर कमी विसरतं हे जेंकिन्स आणि डॅलनबाख या मानसशास्त्रज्ञांनी १९२४ मध्येच दाखवलं होतं.

एकतिसाव्या दिवशी एक गंमत करा. यादीला हात लावण्याआधी आठवतील ते शब्द कागदावर लिहून काढा. कागद कोरा राहण्याचीच शक्यता जास्त. तरीही पुन्हा पाठ करताना आवर्तनं वाचली, तर जे काही आत उरलं होतं ते तुम्हाला स्वतःला दिसतही नव्हतं. बचत पद्धतीची खरी कमाई ही आहे. ‘आठवतं का?’ या प्रश्नाला ती हो किंवा नाही असं उत्तर देत नाही.

जमलं तर आणखी दोन चाचण्या

पहिली अर्थाची. न वाचलेल्या कवितेचं एक कडवं त्याच नियमाने पाठ करा. एबिंगहाउसने इंग्रज कवी बायरनची कडवी घेतली होती. सुमारे ऐंशी पदावयवांचं (सिलेबल्सचं) कडवं त्याला नऊएक वाचनांत यायचं. तेवढ्याच निरर्थक तुकड्यांना त्याच्या हिशेबाने सत्तर-ऐंशी वाचनं लागली असती. म्हणून याद्यांवरची बचतीची टक्केवारी अभ्यासाला जशीच्या तशी लावू नका.

दुसरी चाचणी अंतराची. एक नवी यादी एकाच बैठकीत चोवीस वेळा वाचा. तशीच दुसरी तीन दिवस रोज आठ वेळा वाचा. दोन्ही वाचनं एकाच दिवशी संपतील असं बघा आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही याद्या पाठ करायला किती आवर्तनं लागतात ते मोजा. बारा शब्दांच्या यादीवर एबिंगहाउसला आदल्या दिवशी सलग केलेल्या ६८ वाचनांचं काम तीन दिवसांत विभागलेल्या ३८ वाचनांनी झालं होतं. तुमच्या बाबतीत फरक किती पडतो ते मोजण्यासाठी प्रत्येक पद्धतीच्या निदान तीन याद्या करा. एकाच जोडीवर निष्कर्ष काढलात, तर कोणती यादी मुळातच सोपी होती हे कळणार नाही.