गोव्यात अ‍ॅस्ट्रॅगॅलस लावताना या चुका टाळा

अ‍ॅस्ट्रॅगॅलस ही मूळची उत्तर चीन आणि मंगोलियाच्या थंड, कोरड्या प्रदेशांतली शेंगावर्गीय वनस्पती असून, तिचे वाळवलेले मूळ चिनी वैद्यकात ‘ह्वांग छी’ या नावाने वापरले जाते. गोव्यात ती लावणाऱ्यांची निराशा बहुधा मुळापासूनच सुरू होते. आपल्याकडे वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये, आणि हिचे सोटमूळ साचलेल्या ओलीत कुजते.

म्हणून भेंडी-दोडक्यांबरोबर पहिल्या पावसात हिचे बी टाकणे ही सर्वांत महागात पडणारी चूक होय. दिवाळीच्या सुमारास, पाऊस ओसरून रात्री थोड्या थंडावल्या की पेरणी करावी. पुढचा पावसाळा येईल तेव्हा कुंडी पत्र्याच्या किंवा कौलांच्या आडोशाला, पण उजेडात ठेवावी.

बी उगवले नाही म्हणून विक्रेत्याला दोष देण्याआधी त्याचे कवच पाहावे. ते इतके कठीण असते की पाणी आत शिरतच नाही. सँडपेपरच्या दोन तुकड्यांमध्ये बी हलकेच घासावे, वरची चकाकी जाऊन ते निस्तेज दिसू लागले की थांबावे आणि रात्रभर कोमट पाण्यात भिजत घालावे. सकाळी जे फुगले असेल तेच पेरावे आणि जे तसेच टणक राहिले असेल ते पुन्हा घासावे.

माती निवडताना दोन गोष्टी हमखास चुकतात. आपली जांभ्याची माती आम्लधर्मी असते, तर या झाडाला उदासीन किंवा किंचित अल्कधर्मी माती मानवते. त्यामुळे सामू (पीएच) तपासून थोडा शेतीचा चुना मिसळणे इष्ट. दुसरे म्हणजे, निचरा व्हावा म्हणून किनाऱ्यावरची वाळू आणून घालू नये, तिच्यातले मीठ रोपाला बाधते. नदीची वाळू घ्यावी. कुंडी निदान दीड फूट खोल असावी आणि बी थेट तिच्यातच पेरावे, कारण सोटमूळ दुखावलेले रोप पुन्हा सहजासहजी उभे राहत नाही. जमिनीतच लावायचे असेल, तर चिरे रचून उंच वाफा करावा.

पाने पिवळी पडली की युरिया टाकण्याची घाई होते. ती कृपया करू नये. शेंगावर्गीय झाडाच्या मुळांवरील गाठींतले रायझोबियम जिवाणू हवेतला नत्र मिळवून देतात आणि आयता नत्र मिळाला की गाठींचे काम मंदावते. बाजूची माती जपून उकरून एक गाठ नखाने फोडून पाहावी: आत गुलाबी रंग असेल तर ती काम करते आहे. मूळच तपकिरी, मऊ आणि दुर्गंधीयुक्त लागले, तर ती मुळकूज आहे. अशा वेळी पाणी त्वरित थांबवावे. गाठीच नसतील, तर पुढच्या पेरणीच्या वेळी बियांना योग्य रायझोबियम संवर्धन (जिवाणूंचे कल्चर) चोळावे.

पहिल्याच वर्षी मूळ उपटणे व्यर्थ आहे. निदान तीन-चार वर्षांनी ते काढून, काप करून, सावलीत वाळवतात आणि काढ्यात किंवा सूपमध्ये उकळतात.

याहून गंभीर चूक म्हणजे छायाचित्रावरून ओळख पटवून सड्यावरची (जांभ्याच्या पठारावरची) किंवा कुंपणावरची कोणतीही संयुक्त पानांची वनस्पती घरी आणणे. सड्यावरच्या शरपुंखेला, म्हणजे उन्हाळीला, जांभळट गुलाबी फुले येतात, तर ह्वांग छीची फुले पिवळी असतात. कुंपणावर चढणाऱ्या गुंजेची पानेही वरवर अशीच भासतात आणि तिच्या बिया प्राणघातक विषारी असतात. खुद्द अ‍ॅस्ट्रॅगॅलसच्या सुमारे ३००० जाती आहेत. उत्तर अमेरिकेतल्या काही जाती खाऊन गुरांना विषबाधा होते, म्हणून पाकिटावर पूर्ण शास्त्रीय नाव नसेल, तर ते बी औषधासाठी लावू नये.

अवयव प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्यांनी, ऱ्हुमॅटॉइड संधिवातासारखा स्वयंप्रतिकार आजार (ज्यात प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते) असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी हे मूळ घेऊ नये. मधुमेह किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील, तर पहिला काढा उकळण्यापूर्वी डॉक्टरांना त्याची कल्पना द्यावी.