कार्टूनचा केक घरी करताना या चुका टाळा

तीन-चार वर्षांच्या मुलाला वाढदिवसाचा केक कसला हवा असे विचारले, तर उत्तर चवीचे येत नाही, पात्राचे येते. ‘डोरेमॉनचा’ असे उत्तर मिळाले की घरातली मोठी माणसे मोबाइलवर चित्रे शोधू लागतात आणि पहिली चूक तिथेच होते. हात पसरून दोन पायांवर उभा असलेला डोरेमॉन करायचे ठरते. अशा केकला आतून आधार द्यावा लागतो, स्पंज सुरीने कोरावा लागतो आणि कोरलेल्या बाजूंना क्रीम लावताना चुरा निघत राहतो. ते काम रोज केक करणाऱ्यांचे आहे. लहान मूल पात्र ओळखते ते दोन-तीन खुणांवरून. निळे डोके, पांढरा चेहरा, लाल नाक, दोन्ही गालांवर तीन-तीन मिश्या आणि लाल पट्ट्याला पिवळी घंटा एवढे गोल केकवर सपाट काढले तरी त्याचे समाधान होते. डोळे मात्र वरखाली झाले, तर ‘हा तो नाहीच’ असे तेच मूल सर्वांसमोर सांगते. म्हणून हाताशी असलेला वेळ रंगावर आणि डोळ्यांवर खर्च करावा, उंचीवर नव्हे.

दुसरी चूक म्हणजे ताज्या केकचा हट्ट. सकाळी भाजून दुपारी सजवलेल्या केकवर क्रीम हमखास घसरते, कारण वरून गार लागणारा स्पंज आतून कोमट असतो. केक आदल्या दिवशी भाजून, पूर्ण गार करून, प्लास्टिकच्या फिल्ममध्ये गुंडाळून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावा. तो घट्ट होतो आणि त्याचे थर स्वच्छ कापले जातात. दही आणि सोडा घालून अंड्याशिवाय केक करत असल्यास ओले आणि कोरडे साहित्य एकत्र केल्यावर घोटत बसू नये, कारण सोड्याचे काम त्याच क्षणी सुरू झालेले असते आणि टिन ओव्हनमध्ये जायला जितका उशीर होईल तितका केक बसका होतो. मध्ये घुमटासारखा फुगून भेगाळणारा केक बहुधा जास्त आचेवर भाजलेला असतो. 180 ऐवजी 160 ते 165 अंशांवर थोडा जास्त वेळ भाजल्यास माथा बराच सपाट येतो. थर रचून झाल्यावर क्रीमचा एक पातळ हात देऊन केक अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावा. चुरा त्या थरात अडकतो. घाईत हीच पायरी गाळली जाते आणि मग डोरेमॉनच्या पांढऱ्या चेहऱ्यावर तपकिरी कण दिसतात.

आपल्याकडे बहुतेक घरांत वनस्पती-मेदाचे गोठवलेले व्हिपिंग क्रीम वापरतात. ते फ्रीजरमधून काढून ओट्यावर ठेवू नये, तर आदल्या रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात वितळू द्यावे. त्यात बर्फाचे कण राहिले तर क्रीम नीट फुगत नाही, आणि ते कोमट झाले तरी फुगत नाही. मे महिन्यात भांडे आणि बीटरची पातीही गार करून घ्यावीत. क्रीमला टोक येऊन ते किंचित वाकले की थांबावे, कारण रंग मिसळताना आणि पिशवीतून दाबताना ते आणखी घट्ट होते. जास्त फेटले जाऊन ते रवाळ दिसू लागले, तर दोन-तीन चमचे न फेटलेले गार क्रीम घालून हाताने हलक्याने ढवळावे. बहुतेक वेळा ते सुधारते.

रंगांच्या बाबतीत सर्वांत जास्त केक बिघडतात. पाण्यासारखे पातळ रंग ओतले की क्रीम सैल पडते. त्याऐवजी जेल रंग घ्यावा आणि तो काडीच्या टोकाने घालावा. गडद रंग लगेच दिसत नाहीत. फिकट वाटला म्हणून निळा वाढवत गेल्यास तीन-चार तासांनी तो शाईसारखा होतो, चवीला कडवट लागतो आणि पाहुण्यांच्या जिभा निळ्या होतात. रंग कालवून क्रीम काही तास फ्रिजमध्ये ठेवावे आणि मगच तो वाढवायचा की नाही हे ठरवावे. काळा रंग पांढऱ्या क्रीममधून काढण्याचा प्रयत्न करू नये. कोकोच्या क्रीममध्ये काळा जेल थोडासाच पुरतो. लोण्याच्या बटरक्रीममध्ये निळा घातला की पिवळटपणामुळे हिरवी झाक येते. तिथे जांभळ्याचा अगदी टाचणीच्या टोकाएवढा अंश उपयोगी पडतो. भारतात खाद्यपदार्थांसाठी परवानगी असलेले कृत्रिम रंग आठच आहेत, त्यामुळे डबीवर एफएसएसएआयचा (देशातील अन्नसुरक्षा नियामक संस्थेचा) परवाना क्रमांक पाहूनच रंग घ्यावा. चमकीच्या डबीवर केवळ ‘नॉन-टॉक्सिक’ असे छापलेले असेल, तर ती खाण्यासाठी आहे असा अर्थ होत नाही.

फॉन्डंटच्या, म्हणजे लाटून केकवर पसरता येणाऱ्या साखरेच्या लगद्याच्या, मोहात पावसाळ्यात तरी पडू नये. साखर हवेतली आर्द्रता ओढून घेते, आणि मुंबई-कोकणातल्या हवेत फॉन्डंटची बाहुली दोन दिवसांतही वाळत नाही. ते व्हिप्ड क्रीमवर पसरले तर खालचा ओलावा शोषून चिकट होते आणि ओघळते. त्याच्याखाली बटरक्रीम किंवा घट्ट गनाश (चॉकलेट आणि गरम क्रीमचे मिश्रण) हवे.

चेहऱ्यासाठी मला सर्वांत भरवशाची वाटते ती कम्पाउंड चॉकलेटची (कोको बटरऐवजी वनस्पती-मेद घातलेल्या चॉकलेटची) चकती. चित्रावर बटर पेपर ठेवून वितळलेल्या चॉकलेटने रेघा काढायच्या, त्या घट्ट झाल्यावर रंग भरायचे आणि सुटल्यावर चकती उलटवायची. कागदाला टेकलेली बाजू दर्शनी होत असल्याने क्रमही उलटा लागतो: डोळ्यातला पांढरा ठिपका सर्वांत आधी, त्यावर काळे बुबुळ आणि शेवटी डोळ्याचा पांढरा भाग. चित्रही आरशातल्यासारखे उलटे घ्यावे लागते. माझ्या मुलीच्या तिसऱ्या वाढदिवसाला मी चेहरा उलटा घेतला होता, पण खाली नाव मात्र सरळ लिहिले. चकती उलटवल्यावर प्रत्येक काना अक्षराच्या डावीकडे जाऊन उभा होता. तेव्हापासून नाव मी केकच्या पाटावरच लिहिते.

या चॉकलेटमध्ये जेल रंग घालू नये. त्यातल्या पाण्यामुळे चॉकलेट क्षणात आळून गोळा होते. डबल बॉयलरची, म्हणजे चॉकलेटच्या भांड्याखालच्या गरम पाण्याची, वाफही तेच करते. तेलात विरघळणारे रंग वेगळे मिळतात, तेच घ्यावेत. गोळा झालेले चॉकलेट टाकून न देता त्यात गरम क्रीम घालून गनाश करावे आणि ते दोन थरांमध्ये भरावे. चकती तीन-चार मिलिमीटर जाड असावी, नाहीतर उचलताना ती नाकापाशीच मोडते.

वेफर पेपरवरचे, म्हणजे खाता येणाऱ्या पातळ कागदावरचे, छापील चित्र ओल्या क्रीमवर आदल्या रात्री लावल्यास सकाळी कडा वळलेल्या आणि रंग पसरलेले दिसतात. ते पाहुणे येण्याच्या थोडेसेच आधी लावावे. छोट्यांच्या केकमध्ये टूथपिक, तार किंवा टणक चंदेरी गोळ्या नकोत. फ्रिजमध्ये केक झाकणाच्या खोक्यात ठेवावा, कारण क्रीमला लसणाचा वास पटकन लागतो. गाडीतून नेताना खोका मांडीवर न घेता खाली सपाट जागेवर ठेवावा.

एका चुकीचा विचार मोठ्यांच्या मनात सहसा येत नाही. मेणबत्ती विझल्यावर आपण सुरी थेट आवडत्या पात्राच्या तोंडावर ठेवतो, आणि तीन वर्षांचे मूल ते पाहून हमसाहमशी रडू लागते. चकती असल्यास कापण्याआधी ती मुलासमोरच उचलून बशीत ठेवावी. चेहरा क्रीमचाच असेल, तर पहिले दोन-तीन तुकडे कडेच्या निळ्या भागातून काढावेत आणि उरलेला केक स्वयंपाकघरात नेऊन कापावा.